लकवा झालेल्या हातावर पहिला प्रबंध करताना

एमपीटीएचचा (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहायला बसलेला विद्यार्थी हमखास उपचारापासून सुरुवात करतो: मिरर थेरपी (आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत सराव) घेऊ, रोबोट घेऊ, व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी घेऊ. हा क्रम उलटा आहे. लकवा होऊन किती दिवस झालेले रुग्ण घ्यायचे आणि त्यांचं नेमकं काय मोजायचं, हे आधी पक्कं करा. ते ठरलं की उपचार निवडणं त्या मानाने सोपं जातं.

दिवसांचं आधी बघू. 2017 मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने टप्पे आखून दिले: पहिले 24 तास हायपरअक्यूट, 7 दिवसांपर्यंत अक्यूट, 3 महिन्यांपर्यंत अर्ली सबअक्यूट, 6 महिन्यांपर्यंत लेट सबअक्यूट आणि त्यापुढे क्रॉनिक. आपोआप होणारी बरीचशी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत उरकते. त्यामुळे महिनाभरापूर्वी लकवा झालेल्या रुग्णांना चार आठवडे काहीही दिलंत तरी आकडे वर चढणारच, आणि तुलनेला दुसरा गट नसेल तर त्या चढाचं श्रेय कुणाला द्यायचं ते कळणार नाही. दोन गट असूनही एकात सरासरी 20 दिवसांचे आणि दुसऱ्यात 60 दिवसांचे रुग्ण आले, तर तीच गत. लवकर सुरू केलं म्हणजे चांगलंच, असंही नाही. 2015 च्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत 2104 रुग्ण होते. 24 तासांच्या आत वारंवार उठवून बसवलेल्या गटात तीन महिन्यांनी 46 टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत होते, नेहमीच्या काळजीत 50 टक्के. प्रबंधापुरतं क्रॉनिक रुग्ण घेणं सोयीचं, कारण त्यांची पातळी बऱ्यापैकी स्थिर असते.

आता मोजमाप. रुग्णाने पेला उचलून तोंडाशी नेला, पण त्यासाठी खांदा वर ओढला आणि सगळं धड पुढे झुकवलं. काम झालं, हाताची हालचाल मात्र परतलेली नाही. फुगल-मायर हे मोजमाप हालचालीचा दर्जा बघतं, एआरएटी (अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्ट) कामाची क्षमता. दोन्ही एकच समजण्याची चूक फार होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या रॅट्युल्स चाचणीत (770 रुग्ण) रोबोटच्या सरावाने नेहमीच्या काळजीपेक्षा फुगल-मायर सुधारलं, पण हाताचं काम सुधारलं नाही. एकच मोजपट्टी घेतली असती तर यातला अर्धा निष्कर्ष हातून निसटला असता.

फुगल-मायरच्या हाताच्या भागात 33 बाबी, प्रत्येकीला 0, 1 किंवा 2, एकूण 66. कोपर सरळ आणि तळहात खाली ठेवून हात बाजूला 90 अंशांपर्यंत उचलायला सांगतात, ती बाब घ्या. उचलताक्षणी कोपर वाकलं किंवा तळहात वळला तर 0, वाटेत तसं झालं तर 1, शेवटपर्यंत कोपर सरळ आणि तळहात खालीच राहिला तर 2. नवखा परीक्षक हात किती उंच गेला एवढंच बघतो आणि 2 देऊन मोकळा होतो. आधी चांगल्या हाताने करून घ्या, म्हणजे सूचना समजली की नाही ते कळतं. आणखी एक खाच: खांदा-कोपराच्या भागातली शेवटची, नॉर्मल रिफ्लेक्सची बाब, तिच्या आधीच्या गटात पूर्ण 6 गुण मिळाले तरच तपासायची, नाहीतर 0.

एआरएटीमध्ये 19 बाबी आणि 57 गुण. त्याचे लाकडी ठोकळे अनेक ठिकाणी सुताराकडून करून घेतात, हरकत नाही, पण 2.5, 5, 7.5 आणि 10 सेंमी ही मापं आणि टेबलापासून 37 सेंमी उंचीची फळी नीट मोजून घ्या. स्टॉपवॉच हवंच: काम झालं पण 5 सेकंदांहून जास्त लागले तर 3 ऐवजी 2.

मोटर अ‍ॅक्टिव्हिटी लॉगसारख्या, रोजच्या कामांत हात किती वापरता असं विचारणाऱ्या प्रश्नावल्या मात्र जशाच्या तशा वापरू नका. काटा-चमच्याचा प्रश्न आपल्याकडे किती रुग्णांना लागू पडतो? डाव्या बाजूचा लकवा असलेल्याला डाव्या हाताने जेवायला सांगितलं तर घरचेच अडवतील. तिथे पातेलं धरणं, टॉवेल पिळणं अशी कामं निवडा.

सरावाची मात्रा मिनिटांत लिहू नका, आवर्तनांत लिहा. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची सत्रं पाहिली, तेव्हा हाताच्या उपयुक्त हालचालींची सरासरी आवर्तनं एका सत्रात 32 भरली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ती दिवसाला शेकड्यांत असतात. मोजायला नामजपासाठी मिळणारा बोटातला काउंटर पुरतो.

रुग्णसंख्येवर गाईडशी वाद होईल, होऊ द्या. प्रत्येक गटात 15 रुग्ण आणि 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) असेल, तर साधारण एक स्टँडर्ड डेव्हिएशनएवढा (गुण सरासरीभोवती जितके विखुरतात तितका) फरकच पकडता येतो. अर्ध्या डेव्हिएशनचा फरक शोधायचा तर गटागणिक 64 लागतात. प्रबंधात ते जमत नाही, म्हणून ‘परिणामकारकता’ हा शब्द शीर्षकातून काढा आणि व्यवहार्यता किंवा परीक्षकांमधली एकवाक्यता असा प्रश्न घ्या. त्यात कमीपणा काही नाही. मोठ्या चाचण्यांचंही उत्तर ‘फरक नाही’ असं येतं: भारतातल्या 14 रुग्णालयांमधल्या अटेंड चाचणीत 1250 रुग्ण होते. घरच्यांना शिकवून घरीच पुनर्वसन केलं, पण सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक पडला नाही. तो निकाल 2017 साली लॅन्सेटमध्ये आला.

रुग्णांच्या गटांत वाटणीसाठीचे लिफाफे अपारदर्शक घ्या, साधे लिफाफे उजेडात धरून आतली चिठ्ठी वाचता येते. चार-चारचे ब्लॉक (दर चार रुग्णांत दोन एका गटात, दोन दुसऱ्यात) असतील आणि कुठला गट मिळाला हे सगळ्यांना दिसत असेल, तर चौथा रुग्ण कुठे जाणार हे वॉर्डातल्या कुणालाही सांगता येईल. ब्लॉकचा आकार बदलता ठेवा. परीक्षकाला गट कळू नये म्हणून एवढी धडपड करायची आणि रुग्णाने खोलीत शिरतानाच ‘मला त्या आरशाने फार गुण आला’ म्हणायचं, हे नेहमीचं. मोजणीआधी रुग्णाला आणि सोबतच्यालाही बजावून ठेवा.

सीटीआरआयवरची (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच झाली पाहिजे. 1 एप्रिल 2018 पासून तिथे उशिराची नोंदणी घेत नाहीत. बोलता न येणाऱ्या रुग्णाचं संमतिपत्र कसं घेणार, हे एथिक्स कमिटी विचारतेच. सोपं मराठी, चित्रं, नातेवाइकाची सही आणि वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार, हे सगळं अर्जातच लिहा. फेरतपासणीच्या तारखा पेरणीच्या आणि सणांच्या दिवसांत टाकू नका. भाड्याची सोय बजेटमध्ये धरा आणि नोंदणीच्या वेळीच दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक गावातल्या शेजाऱ्याचा.