हॅलोजनचा बाष्पदाब मोजताना या चुका टाळा

आयोडीन, ब्रोमीन अशा हॅलोजनचा बाष्पदाब (बंद जागेत आपल्याच द्रव किंवा घन रूपासोबत असलेल्या वाफेचा दाब) मोजताना आकडे जुळले नाहीत की पहिला संशय बिचाऱ्या दाबमापीवर येतो. माझ्या मते आधी नळीकडे बघावं.

आयोडीनचा फ्लास्क 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवलाय, थर्मामीटरही त्याच पाण्यात. बंद फ्लास्कची मान मात्र पाण्याबाहेर, खोलीच्या गार हवेत. थोड्या वेळात मानेच्या आतल्या बाजूला बारीक, काळपट, चकचकीत स्फटिक धरायला लागतात. ते दिसले की थांबा. आता दाब ठरवतेय ती मानेवरची थंड जागा; तुम्ही मात्र वहीत 60 लिहिताय. नळी, स्टॉपकॉक (काचेची तोटी), दाबमापीचं तोंड, सगळं नमुन्यापेक्षा दोन-चार अंश गरम ठेवा. 25 अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने चुकलं तर आयोडीनचा दाब 8 टक्क्यांहून जास्त चुकतो, ब्रोमीनचा सुमारे 4 टक्के.

दाब सतत जास्तच येतोय? मग आत हवा राहिली असणार. 25 अंशांना आयोडीनचा दाब जेमतेम 40 पास्कल, त्यामुळे उरलेली चिमूटभर हवाही त्याला झाकून टाकते. ओळखायची युक्ती सोपी आहे: तापमान तेच ठेवून वाफेची जागा वाढवा. दाब तसाच राहिला तर ठीक. उतरला तर परत गोठवा, पंप लावा, वितळवा, आणि हे दोन-तीनदा करा. ब्रोमीन उणे 7.2 अंशांना गोठतं म्हणून बर्फ-मिठावर भागवू नका. गोठणबिंदूलाही त्याचा दाब 5 किलोपास्कलच्या वर असतो, म्हणजे हवेबरोबर ब्रोमीनही पंपात जाणार. द्रव नायट्रोजन वापरा.

पाऱ्याचा मॅनोमीटर (नळीतल्या पाऱ्याच्या पातळीवरून दाब दाखवणारा) थेट जोडू नका. हॅलोजन पाऱ्यालाच खातात. पृष्ठभाग मळतो, पारा काचेला चिकटतो. मध्ये काचेचा लवचिक दाबदर्शक घाला आणि पलीकडून हवेने दाब बरोबरीला आणून त्या हवेचा दाब मोजा. रबरी नळ्या आणि साधं ग्रीसही नको.

नायट्रोजनच्या प्रवाहातून आयोडीन वाहून नेत असाल तर वेग बदलून बघा. प्रवाह जोरात असेल तर वायू पुरता संपृक्त होत नाही आणि दाब कमी येतो. वाहून आलेलं आयोडीन मोजायला थायोसल्फेटने टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणी) करताना स्टार्च हा रंगदर्शक सुरुवातीलाच ओतू नका, द्रावण फिकट पिवळं झाल्यावर घाला.

बाष्पीभवनाची उष्णता काढायला दाबाचा लॉग आणि 1/तापमान यांचा आलेख काढतात; त्यातली चूक तर नेहमीची. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, आणि लॉग 10 पायाचा असेल तर उताराला 2.303 ने गुणायचं. आयोडीन 113.7 अंशांना वितळतं (हो, वितळतं, ‘थेट वाफच होते’ हा पक्का गैरसमज आहे). तिथे उतार बदलतो, म्हणून अलीकडच्या-पलीकडच्या बिंदूंमधून एकच रेघ ओढू नका.

ब्रोमीन भरताना ड्रॉपर आधी गार करा. सुमारे 3.1 घनतेचा हा द्रव स्वतःच्याच वाफेच्या दाबाने टपटप गळतो. काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा, हातात मोजे घाला आणि सांडलेलं ब्रोमीन निकामी करायला थायोसल्फेटचं द्रावण शेजारी तयार ठेवा.