अंगणातील कोई माशांच्या तळ्याची हिवाळ्यातील निगा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नाशिक, पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात आणि नागपूर-गोंदियाकडे दुपारी 28 ते 30 अंश सेल्सिअस आणि पहाटे 8 ते 12 अंश असे हवामान अनेक दिवस टिकते. निफाडला तर पारा अधूनमधून 5 अंशांच्या आसपास उतरतो. कोईच्या निगेविषयी जे लिखाण सहज हाती लागते ते बहुतांशी जपान, ब्रिटन किंवा अमेरिकेतील थंडी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. जपानमध्ये कोईचे माहेर मानल्या जाणाऱ्या निगाता भागात हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडतो आणि तेथील उत्पादक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मातीच्या तळ्यांतील मासे काढून छपराखालच्या टाक्यांत हलवतात. आपल्याकडे तळे गोठत नाही. आपला प्रश्न पाण्याच्या तापमानातील रोजच्या चढउताराचा आणि त्या काळात सवयीने घातल्या जाणाऱ्या जादा खाद्याचा आहे. म्हणून थंडीची चाहूल लागताच करावयाची पहिली खरेदी म्हणजे पाण्यात बुडवून ठेवता येईल असा साधा तापमापक. तो पृष्ठभागापासून दीड-दोन फूट खाली टांगावा आणि सकाळी सात व दुपारी तीन अशा दोन वेळच्या नोंदी वहीत लिहाव्यात.

कोई हा सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प माशाचाच शोभिवंत प्रकार आहे आणि त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. पाणी गार झाले की पचन मंदावते, मात्र मासा दुपारच्या उन्हात वर येऊन तोंड उघडत राहतो आणि मालकाला तो भुकेला वाटतो. पाणी 20 अंशांच्या वर असेल तर नेहमीचे 35 ते 40 टक्के प्रथिनांचे खाद्य चालते. 15 ते 20 अंशांत मात्रा निम्म्यावर आणावी. 10 ते 15 अंशांत गव्हाच्या अंकुरापासून बनवलेले, कमी प्रथिनांचे आणि पचायला हलके खाद्य एक-दोन दिवसांआड थोडेसे द्यावे आणि 10 अंशांखाली खाद्य पूर्ण बंद ठेवावे. ही पातळी सकाळच्या नोंदीवरून ठरवावी, कारण दुपारी 19 अंशांवर खाल्लेले अन्न माशाला रात्री 13 अंशांवर पचवायचे असते. खाद्य सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेतच घालावे, तीन-चार मिनिटांत संपेल इतकेच घालावे आणि उरलेले जाळीने काढून घ्यावे. पाहुणे आले की कणकेचे गोळे, मुरमुरे, पावाचे तुकडे टाकण्याची हौस आपल्याकडे फार आहे. या तीन महिन्यांत ती निक्षून बंद करावी. धडधाकट मोठा कोई काही आठवडे उपाशी राहून काहीही गमावत नाही.

जादा खाद्याचा दुसरा परिणाम पाण्यावर होतो. माशांनी टाकलेल्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू गाळणयंत्रातील स्पंजावर व खड्यांवर वाढलेले असतात, आणि थंडीत तेही माशांप्रमाणेच मंदावतात. त्यामुळे स्वच्छ, नितळ दिसणाऱ्या पाण्यातही अमोनिया साठू शकतो. त्यात शेवाळ भरपूर असेल तर दुपारी पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो. आठवड्यातून एकदा तपासणी संचाने अमोनिया, नायट्राइट आणि सामू पाहावा. गाळणयंत्र चोवीस तास चालू राहिले पाहिजे. ते धुवायचेच असेल तर अर्धेच माध्यम एका वेळी आणि तेही तळ्याच्याच पाण्यात धुवावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनने हे जिवाणू मरतात.

धबधबा आणि कारंजे मात्र रात्री बंद ठेवावे. गार हवेतून पडणारे पाणी वेगाने थंड होते, आणि दिवसभर उन्हाने मिळालेली ऊब शोभेच्या पाण्यातून रात्रभर वाया जाते. ज्यांच्याकडे गाळणयंत्राचे पाणी धबधब्यातूनच परत येते त्यांनी एक टी-जोड आणि व्हॉल्व्ह बसवून रात्री ते पाणी पृष्ठभागाखाली सोडण्याची सोय करावी. प्राणवायूसाठी एअर पंपाचा दगड रात्री चालू असावा. गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो हे खरे, परंतु शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात पहाटेपर्यंत तो खूप खाली येऊ शकतो.

तळ्याची खोली चार फूट किंवा अधिक असेल तर आणखी फारसे काही करावे लागत नाही. दीड-दोन फुटांच्या सिमेंटच्या टाक्या, विशेषतः जमिनीवर बांधलेल्या किंवा गच्चीवरच्या, चारही बाजूंनी गार होतात आणि दुपारी तितक्याच झपाट्याने तापतात. अशा टाकीवर बांबूच्या चौकटीवर पॉलिथिनचा कागद रात्री अंथरावा, दोन्ही टोकांना हवेसाठी फट ठेवावी आणि सकाळी ऊन आल्यावर तो काढावा. उघड्या तळ्यासाठी हीटर घेण्याचा खर्च आमच्या मते अनाठायी आहे. भारनियमनात तो बंद पडला की पाणी एकाएकी गार होते, आणि माशाला हळूहळू आलेल्या थंडीपेक्षा असा धक्का अधिक बाधतो.

पाणी बदलताना याच धक्क्याचा विचार करावा. बोअरचे पाणी हिवाळ्यात तळ्यापेक्षा बरेच कोमट असते आणि त्यात प्राणवायूही कमी असतो, म्हणून ते थेट न सोडता फवाऱ्याने, दुपारच्या वेळी आणि एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक नाही, अशा बेताने द्यावे. नळाचे पाणी असल्यास ते चोवीस तास हवा देत पिंपात ठेवावे. तळ्यात किती पाणी आहे हे अनेकांना ठाऊक नसते. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून गुणाकार करावा आणि त्याला 28.3 ने गुणावे. 10 बाय 6 फुटांच्या, 3 फूट खोल तळ्यात सुमारे 5,100 लिटर पाणी मावते. नायट्राइट वाढलेले आढळल्यास 1,000 लिटरला 1 किलो खडे मीठ, म्हणजे या तळ्याला सुमारे 5 किलो, बादलीत विरघळवून दोन-तीन हप्त्यांत घालावे. गाळणयंत्रात झिओलाइट असेल तर ते आधी काढावे, कारण मिठामुळे त्याने धरून ठेवलेला अमोनिया परत पाण्यात येतो.

द्राक्षपट्ट्यातील शेतकऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीनंतर बागेत फवारण्या सुरू होतात, आणि नेमक्या याच काळात घराशेजारच्या तळ्यावर औषधाचे तुषार वाऱ्याने येतात. सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन यांसारखी कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात आणि तांब्याची बुरशीनाशकेही निर्धोक नाहीत. फवारणीच्या दिवशी तळे झाकावे, एअर पंप घराच्या आत किंवा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस ठेवावा, म्हणजे तो तुषार ओढून पाण्यात सोडणार नाही, आणि फवारणीचे पंप व बादल्या तळ्याच्या कामासाठी कधीही वापरू नयेत. गावात डासांसाठी धुराची फवारणी असेल तेव्हाही हीच काळजी घ्यावी. जानेवारीपासून देशी बदामाची आणि पुढे कडुनिंबाची पाने गळू लागतात. त्यासाठी तळ्यावर ताणून बांधलेली जाळी बगळे, खंड्या आणि मांजरापासूनही बचाव करते, कारण गारठलेला मासा लवकर पळत नाही.

रोगांच्या बाबतीत आपला सौम्य हिवाळा उलट अडचणीचा ठरतो. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी 15 ते 25 अंशांत चांगला वाढतो आणि कोई हर्पीस विषाणूचा रोग प्रामुख्याने 16 ते 25 अंशांत उफाळतो, म्हणजे आपल्या तळ्यांचे डिसेंबर-जानेवारीतील तापमान नेमके त्यांच्या सोयीचे असते. म्हणून या काळात नवे मासे घेणे शक्यतो टाळावे. घेतलेच तर तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीसह ठेवावेत आणि त्या टाकीचे पाणी 22 ते 24 अंश राखावे, कारण फार गार पाण्यात लपलेला संसर्ग दिसत नाही. हीटरचा खरा उपयोग येथे आहे. जवळच्या शेततळ्यात रोहू, कटला किंवा मरळ असतील तर त्यांच्यावर हिवाळ्यात लाल चट्टे आणि खोल जखमा पडण्याचा बुरशीजन्य रोग येतो. सायप्रिनस त्याला बराच प्रतिकार करतो, तरी तेथील पाणी आणि जाळी कोईच्या तळ्याकडे आणू नये. कोईच्या अंगावर जखम दिसली, मासा अंग घासत असेल किंवा कल्ले फिके पडून तो एकटा कोपऱ्यात राहत असेल तर आधी पाणी तपासावे. औषध अंदाजाने न टाकता नागपूर, उदगीर किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाकडे, नाहीतर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे विचारणा करावी.

पिल्ले तयार करणाऱ्या उत्पादकांसाठी ही निगा थेट हंगामाशी जोडलेली आहे, कारण आपल्या मैदानी भागात सायप्रिनसचा मुख्य प्रजननकाळ जानेवारी ते मार्च असतो. नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांवर हाताला खरखरीत लागते, मादीचे पोट मऊ व फुगीर असते. ही ओळख पटवून डिसेंबरअखेरीस नर आणि मादी वेगळ्या टाक्यांत ठेवावेत, नाहीतर पाणी जरा कोमट होताच माद्या नको तेथे अंडी घालतात. फेब्रुवारीत सकाळची नोंद सलग आठवडाभर 18 अंशांच्या वर राहिली की खाद्य टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि मग निवडलेली जोडी हायड्रिला या पाणवनस्पतीच्या जुड्या किंवा काथ्याचे झुपके सोडलेल्या टाकीत एकत्र करावी. अंडी चिकट असल्याने या जुड्यांना चिकटतात. ती दिसताच मोठे मासे काढून घ्यावेत, कारण ते स्वतःचीच अंडी खातात. साधारण दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस ती पोटातील पीतकावर (अंड्यातील बलकावर) जगतात, तोवर पाण्यात कोणतेही खाद्य घालू नये.