वेतनकराराच्या टेबलावर पहिल्यांदा बसताना

युनियनच्या कमिटीवर नव्याने निवडून आलेला प्रतिनिधी बहुधा भाषणाची तयारी करू लागतो. द्वारसभेत, म्हणजे कारखान्याच्या दारावर होणाऱ्या कामगारांच्या सभेत, भाषण उपयोगी पडते, हे खरे. पण व्यवस्थापनासमोर बसल्यावर उपयोगी पडतो तो हिशेब. पुण्याजवळच्या चाकण-भोसरी पट्ट्यातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कमिटीवर काम करताना मी जे शिकलो, त्यातले बरेचसे पगारपत्रक आणि जुने करार वाचूनच शिकलो. म्हणून नव्या सहकाऱ्यांना माझे पहिले सांगणे असते की, मागील करार कलमवार वाचून काढा. मुदत संपली म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. तो संपुष्टात आणण्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतरही दोन महिने तो दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहतो. मागणीपत्राची वेळ यावरून ठरवावी.

व्यवस्थापन वाढीचा आकडा बहुतेक वेळा सीटीसीच्या, म्हणजे कामगारावर कंपनीच्या होणाऱ्या एकूण खर्चाच्या, भाषेत सांगते. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेची) तरतूद, कधी कधी बस आणि कँटीनचा खर्चही धरलेला असतो. त्यामुळे हातात किती पडणार, हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे. त्यानंतर वाढीची वर्षनिहाय विभागणी पाहावी. समजा, तीन वर्षांसाठी दरमहा १२,००० रुपयांची वाढ ठरली. ती पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ५०, २५, २५ टक्के अशी, आधीच्या वाढीत भर घालत मिळाली, तर तीन वर्षांत कामगाराला एकूण ३,२४,००० रुपये जादा मिळतात; ६०, २०, २० टक्के अशी मिळाली, तर ३,४५,६०० रुपये मिळतात. आकडा तोच, पण फरक २१,६०० रुपयांचा. द्वारसभेत मात्र दोन्ही करार ‘बारा हजारांचा करार’ म्हणूनच ओळखले जातात.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे वाढ कोणत्या रकान्यात घालायची, मूळ वेतनात की भत्त्यांत. मूळ वेतनात १,००० रुपये वाढले, तर २० वर्षे सेवा झालेल्या कामगाराची ग्रॅच्युइटी, दर वर्षाला १५ दिवस आणि महिन्याचे २६ दिवस या हिशेबाने, सुमारे साडेअकरा हजारांनी वाढते. जिथे भविष्यनिर्वाह निधी पूर्ण मूळ वेतनावर कापला जातो, तिथे मालकाचा १२ टक्के वाटाही वाढतो. म्हणूनच व्यवस्थापनाचा ओढा भत्त्यांकडे असतो. जुने कामगार कायदे एकत्र करून २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार, वेतनाच्या व्याख्येतून वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो. आपल्या पगारपत्रकाला ही कसोटी लावूनच टेबलावर बसावे. तरुण कामगारांना रोख हवी असते आणि निवृत्तीजवळच्यांना मूळ वेतन. हा वाद कमिटीने आधी आपल्या घरात मिटवावा, कारण तो टेबलावर फुटला की समोरच्याचे काम सोपे होते.

उत्पादकतेचे कलम सर्वांत शेवटी, सगळे थकलेले असताना पुढे येते. ‘उत्पादनवाढीसाठी कामगार पूर्ण सहकार्य करतील’ हे वाक्य निरुपद्रवी दिसते, परंतु पुढे लाइनवरची माणसे कमी करताना त्याच वाक्यावर बोट ठेवले जाते. कोणती लाइन, ताशी किती नग, किती माणसे आणि यंत्र बंद राहिल्यास हिशेब कसा, हे लिहिल्याशिवाय ते मान्य करू नये. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी पुरे करावे.

समोर बसलेला एचआर व्यवस्थापक अंतिम निर्णय घेणारा असतोच असे नाही. त्यालाही मुख्यालयाची मंजुरी आणावी लागते. त्याला वर नेऊन दाखवता येईल असा तक्ता, म्हणजे शेजारच्या कारखान्यांतील करारांचे आकडे आणि औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकातील (महागाई मोजणाऱ्या आकड्यातील) वाढ, आपणच तयार करून दिला, तर चर्चा पुढे सरकते. शिवीगाळीने ती सरकल्याचे मी पाहिलेले नाही.

सही कुठे होते, यालाही महत्त्व आहे. केवळ दोन पक्षांत झालेला करार त्या पक्षांनाच बांधतो. समेटाच्या कार्यवाहीत, म्हणजे दोन्ही पक्षांत मध्यस्थी करणाऱ्या कामगार आयुक्तालयाच्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार मात्र दुसऱ्या युनियनच्या सभासदांना आणि नंतर लागणाऱ्या कामगारांनाही लागू होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील हा भेद नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. युनियनच्या मान्यतेचे निकष मात्र वेगळे आहेत: महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियनसाठी ३० टक्के सभासदत्वाची अट आहे, तर संहितेनुसार एकाहून अधिक युनियन असल्यास एकटीने वाटाघाटी करण्यासाठी ५१ टक्के कामगार पाठीशी लागतात.

कंत्राटी आणि ट्रेनी कामगार या सगळ्याच्या बाहेर राहतात, ही आपल्या पट्ट्यातील करारांची मोठी उणीव आहे, असे माझे मत आहे. कायम कामगारांची संख्या घटत गेली की युनियनचे वजनही घटते. तेव्हा निदान कँटीन, बस, सुरक्षा साधने आणि ट्रेनींना कायम करण्याचा क्रम यांविषयीची कलमे मागणीपत्रात घालावीत.

सह्या झाल्यावर कराराची प्रत प्रत्येक विभागात पोहोचवावी आणि पहिल्या पगाराच्या पावत्या कलमांशी ताडून पाहाव्यात. जुना करार संपल्यापासून नव्यावर सही होईपर्यंतच्या काळात जे निवृत्त झाले किंवा वारले, त्यांची थकबाकी आणि ग्रॅच्युइटीतील फरक देण्याचे कलम मसुद्यातच असावे. ते लोक द्वारसभेला हजर नसतात आणि नंतर त्यांच्यासाठी वेगळे पत्र लिहून काही मिळवणे फार अवघड जाते.