मिडवेस्टमधील वृद्ध माजी सैनिकाचा मृत्युलेख कसा लिहावा

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे ओहायो, आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या भागांत, घरातील वडीलधारे गृहस्थ वारले, की त्यांचा मृत्युलेख बहुधा कुटुंबीयच लिहितात आणि अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या फ्युनरल होममार्फत तो गावच्या वृत्तपत्रात जातो. अशा घरात सून किंवा जावई म्हणून गेलेल्या मराठी माणसावरही हे काम येऊ शकते, आणि तेव्हा हाताशी दोनच दिवस असतात.

पहिल्याप्रथम डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा कागद शोधावा. सेनादल, हुद्दा, सेवेच्या तारखा आणि पदके हे सर्व त्यात असते. घरात तो सापडला नाही, तर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कार्यालयात चौकशी करावी, कारण गावी परतल्यावर अनेकांनी तिथे त्याची नोंद करून ठेवली होती. सेंट लुईस येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे अर्ज करता येतो. मात्र १२ जुलै १९७३ रोजी तिथे लागलेल्या आगीत सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या, आणि त्यांत १९६० पूर्वी सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांच्या फायलींचा भरणा मोठा होता.

कागदात जे आहे तेवढेच लिहावे. कोरियन युद्धाच्या काळात भरती झालेले अनेक तरुण प्रत्यक्षात जर्मनीतील तळांवर होते, त्यामुळे ‘युद्धकाळात सैन्यात होते’ आणि ‘युद्धात लढले’ ही दोन विधाने वेगळी ठेवावीत. जर्मनीत दोन वर्षे ट्रक दुरुस्त केले असतील तर तसे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही. युद्धाविषयी ते कधी बोललेच नसतील, तर ती जागा वीररसाने भरू नये. मात्र ते ऑनर फ्लाइटने वॉशिंग्टनची स्मारके पाहून आले असल्यास (२००५ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफिल्ड येथे सुरू झालेला हा उपक्रम माजी सैनिकांना विनामूल्य नेतो) त्या दिवशी सोबत गेलेल्या मुलाला किंवा नातीला अवश्य विचारावे. घरात कधी न निघालेले विषय त्या प्रवासात निघालेले असू शकतात.

सैन्यातील वर्षे दोन-तीन आणि संसाराची साठ, हे प्रमाण लेखातही दिसले पाहिजे. ‘ते अत्यंत कुटुंबवत्सल होते’ हे वाक्य कोणाच्याही मृत्युलेखात चालते. परंतु नातवंडांच्या बास्केटबॉल सामन्यांना ते बियाणे कंपनीची टोपी घालून सर्वांत वरच्या बाकावर बसत आणि पंचांचा निर्णय पटला नाही तर तेवढे पत्नीच्या कानात सांगत, असे लिहिले की वाचणाऱ्या गावकऱ्याला ते समोर दिसतात. अशा गोष्टी मुलांपेक्षा शेजारी आणि युकर हा पत्त्यांचा खेळ खेळणारे जुने सोबती अधिक सांगतात. विशेषणे निम्मी केली तरी काही बिघडत नाही.

नातेवाइकांची यादी हा सर्वांत नाजूक भाग. हयात असलेले आणि आधी निधन पावलेले असे दोन गट करावेत, सावत्र मुले व नातवंडे वगळली जाणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि प्रत्येक शाखेतील एकाकडून यादी वाचून घ्यावी. पूर्ण जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव आणि घराचा पत्ता छापू नये, कारण भामटे मृत्युलेख बारकाईने वाचतात. डीडी-२१४ चे छायाचित्र तर कुठेही टाकू नये.

अंत्यविधीचा मजकूर सर्वांत शेवटी, खात्री करून लिहावा. पात्र माजी सैनिकासाठी किमान दोन गणवेशधारी सैनिक येतात. त्यांपैकी एक त्यांच्याच दलाचा असतो. बिगुलाची ‘टॅप्स’ ही धून वाजते आणि त्रिकोणी घडी केलेला ध्वज कुटुंबाच्या हाती दिला जातो. बंदुकीच्या तीन फैरी मात्र बहुधा अमेरिकन लीजन किंवा व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे स्थानिक स्वयंसेवक झाडतात, म्हणून त्यांना विचारल्याशिवाय तसे छापू नये. मिनियापोलिसचे फोर्ट स्नेलिंग किंवा इलिनॉयमधील रॉक आयलंड यांसारख्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा आणि स्मृतिशिळा विनामूल्य मिळते, आणि पत्नीलाही तिथे हक्क असतो. चर्चच्या तळघरात जेवण असेल तर तेही नमूद करावे. लांबून गाडी चालवत येणाऱ्यांना त्यावरून दिवस आखता येतो.

वृत्तपत्रे बहुधा मजकुराच्या लांबीनुसार पैसे घेतात, म्हणून तिथे तारखा, नावे आणि विधीची वेळ एवढेच द्यावे आणि संपूर्ण लेख फ्युनरल होमच्या संकेतस्थळावर ठेवावा.