उष्टावणाची नक्षीची वाटी घडवून घेताना

उष्टावणाला मामा बाळाला मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतली खीर भरवतो. ही वाटी आजोळची, आणि पुढेही घरात ती 'मामाची वाटी' म्हणूनच ओळखली जाते. म्हणून तयार वाटी उचलण्यापेक्षा ती घडवून घ्यावी.

7 सेंटिमीटर तोंडाची, साडेतीन सेंटिमीटर खोल गोल वाटी 0.7 मिलिमीटर पत्र्याची असेल तर साधारण 55 ग्रॅम भरते. त्याच मापाची वाटी 30 ग्रॅममध्ये बसवली, तर पत्रा 0.4 मिलिमीटरवर येतो आणि नक्षी ठोकताना फाटू शकतो. चांदी 925 ची, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध, घ्या. 990 ची चांदी मऊ असते, रोजच्या हाताळणीत तिला पोचे पडतात.

कारागीर सुमारे 10 सेंटिमीटर व्यासाची चकती ठोकत ठोकत खोलवतो. ठोके बसले की चांदी कडक होते, त्यामुळे ती मधूनमधून मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करावी लागते. इथे घाई झाली की काठाला बारीक चिरा जातात. वाटी घेताना काठावरून नख फिरवून बघाच.

नक्षीसाठी वाटीत राळ, विटेची भुकटी आणि थोडं तेल यांचं मिश्रण भरतात. थंडीत तेल कमी पडलं तर राळ तडकते आणि रेषा तुटक उमटते. तेल जास्त झालं तर वाटी ठोक्याखाली दबते. आतून ठोकलेल्या उठावाचे खड्डे वाटीच्या आत राहतात आणि त्यांत खीर अडकते. म्हणून बाळाच्या वाटीला बाहेरून, काठाखाली बोटभर पट्टीतच नक्षी असावी, तीही कोरीव. वेली, कमळ, कोयऱ्या तेवढ्या जागेत छान बसतात. खाली वेगळी बैठक झाळून (डाग देऊन) लावू नका, तळच ठोकून सपाट करून घ्या. नाव पॉलिशनंतर घाला, नाहीतर अक्षरांच्या कडा झिजतात.

वापरल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन लगेच पुसा. मिठाचा पदार्थ वाटीत ठेवू नका, मिठाने चांदीला डाग पडतात. गुंडाळून ठेवताना रबरबँड आणि वर्तमानपत्रही नको, सुती फडकं पुरे. सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलने काळेपणा झटकन जातो, पण कोरलेल्या रेषांतलाही जातो आणि नक्षी सपाट दिसू लागते. नक्षीच्या वाटीला मऊ फडक्याने हलकेच पुसणंच बरं.