गावच्या शाळेला मदत करताय? या चुका टाळा

बहुतेक मंडळी आधी सामान विकत घेतात आणि मग ते वाटायला शाळा शोधतात. जिल्हा परिषद शाळेत पुस्तकं मोफत मिळतात, गणवेश सरकारी योजनेतून येतो. तरी पुन्हा वह्या-दप्तरांचेच गठ्ठे! आधी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडाही तीच तयार करते. शाळेला काय कमी पडतंय, ते तिथेच कळेल.

दिलेला टीव्ही किंवा संगणक बंद पडून असेल, तर आधी वीजबिल विचारा. बिल थकलं की मीटर कापतात. वस्तू देतानाच वर्षभराचं बिल आणि दुरुस्तीचा खर्च बाजूला काढा.

खरी गडबड स्वयंसेवक शिक्षकांच्या बाबतीत होते. वर्ग दिवाळीनंतर सुरू करायचा आणि पोरं आली नाहीत की पालकांना शिक्षणाची किंमत नाही म्हणायचं, हा अन्याय आहे. तेव्हा विदर्भात कापूस वेचणी ऐन भरात असते. आईबाप शेतात आणि धाकटं भावंड मोठ्या मुलीच्या कडेवर. मेळघाटातली कित्येक कुटुंबं तर कामासाठी गावच सोडतात आणि होळीला परततात. वेळ गावाला विचारून ठरवा. संध्याकाळचा एक तास, पण रोज आणि निदान तीन महिने, हे आठवड्याच्या शिबिरापेक्षा कितीतरी मोलाचं.

मूल बोलत नाही म्हणून त्याला ‘कच्चं’ ठरवू नका. मेळघाटात घरची भाषा कोरकू, भामरागडकडे माडिया. पहिलीतल्या लेकराला तुमची पुण्या-नागपूरची मराठी परकीच वाटणार. गावातली बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा सोबतीला घ्या आणि त्यांना मानधन द्या. फुकट राबवू नका. माझ्या मते देणगीचा सर्वांत चांगला उपयोग हाच.

इयत्तेप्रमाणे गट पाडणंही चुकतं. आधी प्रत्येकाला एक परिच्छेद वाचायला लावा. पाचवीतला मुलगा शब्दांवर अडखळत असेल तर त्याची सुरुवात शब्दांपासूनच होईल, पण त्याला चारचौघांत लाज वाटणार नाही असं बघा.

गुरुजींची जागा घेऊ नका. तुम्ही वर्ग सांभाळताय म्हटल्यावर त्यांना दुसऱ्या कामाला जुंपलं जातं. पालकांना न विचारता फोटो काढू नका. आणि निघताना कोण कुठवर वाचतं, याची वही गुरुजींकडे द्या, म्हणजे पुढचा स्वयंसेवक पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करणार नाही.