आतड्यातल्या जिवाणूंना खाऊ घाला, पण बेताबेताने

जिवाणूंच्या गोळ्या घेण्याआधी आत आहेत त्यांना जेवायला घाला. आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे फायबर, ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं बनतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं हे मुख्य इंधन. भूक आवरणारं जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवायलाही ही आम्लं चालना देतात.

आधी तीन दिवस जे खाल ते वहीत लिहा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगते. आपण कुठे आहोत ते लगेच कळेल.

आता वाढवायचं. बहुतेक जण इथेच सोडून देतात. मीही दोनदा सोडलं होतं. "भरपूर फायबर खा" हा सल्ला ऐकून पहिल्याच दिवशी मोठा वाडगाभर राजमा खाल्ला. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला पँटचं बटण लागेना, पोट ढोलासारखं वाजत होतं. राजमा मला सोसत नाही, असं ठरवून मोकळी झाले. चूक राजम्याची नव्हती, घाईची होती. आंबवताना वायू होणारच, आणि जिवाणूंची फौज नव्या खाण्याला सरावायला वेळ घेते.

म्हणून रोजचं फायबर दर आठवड्याला पाचच ग्रॅमनी वाढवा. शंभर ग्रॅम शिजलेल्या राजम्यात सहा-सात ग्रॅम असतात, म्हणजे सुरुवातीला तीन-चार मोठे चमचेच. एका वेळी एकच नवा पदार्थ. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि मऊ शिजवा. वायू करणाऱ्या साखरा बऱ्याच कमी होतात. पाणी पिणं वाढवा, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होईल. पोट फुगलं तर प्रमाण निम्मं करा, बंद करू नका. "त्रास होतोय म्हणजे विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत" असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

पुढचं सोपं आहे. धान्यं, भाज्या, फळं आलटूनपालटून खा, रोज थोडं दही.

घरपोच जिवाणू-तपासणीच्या नादी लागू नका. निरोगी आतड्यात नेमके कोणते जिवाणू हवेत याचं सर्वमान्य माप अजून नाही. मात्र शौचात रक्त, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी यांपैकी काही असेल, किंवा आतडं अरुंद झाल्याचं निदान असेल, तर फायबर वाढवण्याआधी डॉक्टरांकडे जा.